शेजारी कोण बसलंय

तामलवाडीजवळच्या एका शाळेच्या मैदानावर एनसीसीचा दहा दिवसांचा कॅम्प लागला. त्या दिवशी दुपारी आलेली प्रत्येक रांग एकाच टेबलापाशी येऊन थांबत होती. टेबलावर लोखंडी पेटी होती, पेटीशेजारी रजिस्टर, आणि रजिस्टरवर मान घालून बसलेली श्रावस्ती ओव्हाळ. ढोकीची पोरगी, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, कॅम्पची सीनियर अंडर ऑफिसर. कॅम्पात मोबाईल चालत नाही. फोन बंद करायचा, त्यावर नावाची चिठ्ठी चिकटवायची, नंबर रजिस्टरात लिहायचा आणि फोन पेटीत ठेवायचा. दीडशे फोन झाले होते. ऑक्टोबरचं ऊन मानेला चावत होतं.

"पुढचा."

पुढच्यानं फोन टेबलावर ठेवला... पण हातातून सोडला नाही. श्रावस्तीला आधी त्याची बोटंच दिसली. दोन्ही अंगठ्यांवर काळ्या कापडाच्या इवल्याशा टोप्या होत्या.

"अंगठ्यांना काय झालं?"

"काय न्हाय, मॅडम."

"मग पट्ट्या कशाला बांधल्यास?"

"पट्ट्या न्हायत. टोप्या हायत." तो जरा घुटमळला. "घाम आला की बोट घसरतं... स्क्रीनवरनं. म्हणून."

रांगेत मागं कुणीतरी फिसकन हसलं. श्रावस्तीनं वर पाहिलं. पोरगा उंच, सावळा, नाकावर घामाचे थेंब. डोळे मात्र असे शांत, की तासभर उन्हात उभं राहिल्याचं त्यांना कुणी सांगितलंच नसावं.

"गेम खेळतोस?"

"व्हय."

"नाव?"

"महांतेश बिराजदार. माकणी."

"महांतेश, दहा दिवस बोटं घसरणार नाहीत. सोड आता."

त्यानं फोन सोडला. मग एकेक टोपी काढली, फोनवर नीट ठेवली आणि म्हणाला, "यांचीबी नोंद करा, मॅडम. हरवल्या तर तुमच्याकडनंच घेईन."

श्रावस्तीनं ओठ दाबून धरले आणि रजिस्टरात लिहिलं — टोप्या, दोन.

संध्याकाळी अमरनाथ सरांनी तिला बोलावलं. सर कॉलेजात इतिहास शिकवायचे आणि एनसीसीचं युनिट सांभाळायचे. त्यांच्या हातात एक पत्र होतं.

"वरून विचारणा आलीय. मोबाईलवरच्या गेमच्या स्पर्धा आता सगळीकडं होतात. त्या कॅडेटांच्या प्रशिक्षणात घ्याव्यात का, हे त्यांना बघायचंय. आपण पाच पोरं निवडलीत. रोज दुपारी दोन तास, कॉम्प्युटरच्या खोलीत. फोन तू द्यायचे, तूच परत घ्यायचे आणि तिथंच बसून राहायचं. नवव्या दिवशी अहवाल. बरं वाटलं तर ही पाच पोरं डिसेंबरात बटालियनच्या नावानं पुण्याला खेळायला जातील."

"सर, माझं मत आधीच ठरलंय."

"काय ठरलंय?"

"हा युनिफॉर्म घालून कुणी गेम खेळत बसू नये."

सर हसले. "मग ते मत घेऊन बस. नवव्या दिवशी तेच उरलं तर तेच लिही. बटालियनच्या साहेबांना अधिकाऱ्याचा कागद नकोय, कॅडेटचा पाहिजे."

श्रावस्तीचं मत उगाच ठरलेलं नव्हतं. तिचे वडील साखर कारखान्यात फिटर. त्यांच्या घरात युनिफॉर्म अंगावर चढवणारी ती पहिलीच. तीन वर्षं ती पहाटे ढोकीच्या रस्त्यानं पळत होती, उसाचे ट्रॅक्टर बाजूनं जायचे, पाचट अंगावर उडायचं, तरी पळायची. तिला फौजेत जायचं होतं. जे तिनं घाम गाळून मिळवलं, ते कुणी खुर्चीत बसून अंगठ्यांनी मिळवावं, हे तिला सोसत नव्हतं.

कॉम्प्युटरच्या खोलीत एकच खुर्ची रिकामी होती, महांतेशच्या शेजारची.

पहिल्या दिवशी ती घड्याळाकडं बघत बसली. दुसऱ्या दिवशी तिचं लक्ष आवाजाकडं गेलं. पाच जणांचा संघ होता, समोरचेही ऑनलाईन आलेले पाच, आणि सांगायचं काम महांतेशचं. पोरं घाबरत, ओरडत, एकमेकांवर खेकसत. त्याचा आवाज मात्र तसूभरही चढत नसे. "डावीकडं दोघं. थांबा. अजून थांबा... ओंदु, एरडु, मूरु." त्याची आजी कानडी मुलखातली, म्हणून आकडे कानडीत. 'मूरु' म्हटलं की पाची जण एकदम निघायचे. हरले तर तो म्हणायचा, "माझी चूक. चला, परत."

तिसऱ्या दिवशी सकाळी परेडवर तीनशे जणांपुढं उभी असताना श्रावस्तीच्या ओठांवर आपोआप आलं — ओंदु, एरडु... ती चपापली. आजूबाजूला कुणी ऐकलं नव्हतं.

त्या दुपारी फोन परत घेताना तिनं विचारलंच. "तू कधी ओरडत का नाहीस?"

"ओरडलं की चौघांना माझी भीती कळती. काय करायचं ते कळत न्हाय."

"मग मी परेडवर ओरडते ते?"

"तुमचं वेगळं हाय," तो म्हणाला. "तुम्ही 'दाहिने मुड' म्हणलं की म्या माकणीला असलो तरी वळीन."

"फोन दे."

"दिला की."

खरंच, फोन तिच्या हातातच होता.

दिवस असे जाऊ लागले. त्याच्या गावात रेंज नव्हती, म्हणून तो धरणाच्या भरावावर जाऊन खेळायचा. तिनं विचारलं तेव्हा त्यानं ते सगळं सांगितलं. समोर निम्न तेरणाचं पाणी, वर वारा, खालून वडिलांच्या, अप्पांच्या हाका, म्हशी सोड म्हणून.

"मग?"

"मग म्या मरतो."

"काय?"

"गेममध्ये. हाक आली की मरतोच. आजवर एकदा जगलो न्हाय."

ती हसली, आणि मग पुढची दोन वाक्यं मुद्दाम कडक आवाजात बोलली.

पण खेळ सुरू झाला की तो तिचा राहत नसे. स्क्रीनचा उजेड त्याच्या गालावर हलायचा, पापणी लवायची नाही. वीतभर अंतरावर बसून तिनं त्याची भुवई, कानामागचा तीळ, श्वास धरताना आत जाणारा गळा, सगळं पाठ केलं होतं. त्यानं एकदाही मान वळवली नव्हती. आपण इथं नसतो तरी याला कळलं नसतं, असं तिला वाटायचं आणि आतून काहीतरी ओढ खायचं... तिनं रजिस्टरात फक्त वेळ लिहिली.

पाचवा दिवस रविवार. घरचे लोक भेटायला आले. महांतेशचे अप्पा धोतराचा सोगा सावरत, फडक्यात भाकरी बांधून आले. पोरानं पुण्याचं सांगितलं तसा त्यांचा चेहरा उजळला. शेजारी उभ्या श्रावस्तीलाच ते सांगू लागले.

"बाई, या मोबाईलपायी म्या दोनदा दगड उचलला होता. फोडणारच होतो. आता सरकारच खेळाया लावतंय म्हटल्यावर काय बोलावं? जाऊन चौकात सांगतो, पोरगं पुण्याला निघालंय. तुम्ही कुण्या गावच्या?"

"ढोकीची."

"कुणाची?"

"ओव्हाळांची."

अप्पा आडनाव ऐकून क्षणभर थांबले. तो थांबा श्रावस्तीच्या ओळखीचा होता. लहानपणापासून तो तिनं बऱ्याच तोंडांवर पाहिला होता. मग त्यांनी फडकं सोडलं आणि अर्धी भाकरी, वर शेंगाची चटणी, तिच्यापुढं धरली.

"घ्या. उन्हात उभ्या हायसा."

तिनं घेतली. महांतेशनं तेवढ्या वेळात बुटाची नाडी तीनदा सोडून बांधली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोळीबाराचा सराव होता. पोरं पालथी पडण्याआधी हवालदारानं नेहमीचा पहिला नियम सांगितला. रायफल रिकामी असली तरी माणसाकडं रोखायची नाही. श्रावस्तीनं तो नियम शेकडो वेळा ऐकला होता. त्या दुपारी खोलीत बसल्यावर तो पहिल्यांदा तिला टोचला. समोर पाच पोरं दुसऱ्या पाच पोरांवर नेम धरत होती आणि कुणी पडलं की हसत होती.

सातव्या दिवशी नकाशा आणि होकायंत्र घेऊन आठ किलोमीटर चालायचं होतं. एका तुकडीचा म्होरक्या महांतेश होता, मागून श्रावस्ती निरीक्षक म्हणून. तो झपाझप निघाला. दिशा त्यानं बिनचूक धरली. ज्वारीच्या शेतांतून, ओढ्याच्या काठानं तुकडी सगळ्यांच्या पुढं गेली. शेवटच्या दीड किलोमीटरला बुद्धघोष नावाचा बारका कॅडेट मटकन खाली बसला आणि आडवा झाला. त्याची पाण्याची बाटली कोरडी होती. सकाळपासून त्यानं भरलीच नव्हती, आणि कुणी विचारलंही नव्हतं.

श्रावस्तीनं त्याची कॉलर सैल केली, तोंडावर पाणी मारलं, घोट घोट पाजलं. पोरगं डोळे उघडून लाजलं. महांतेशनं काही न बोलता त्याला पाठीवर घेतलं आणि कॅम्पपर्यंत चालत आणलं. सगळ्यांच्या पुढं असलेले ते शेवटी पोचले.

संध्याकाळी तो पाण्याच्या टाकीपाशी एकटाच बसला होता. श्रावस्ती जाऊन थोडं अंतर ठेवून उभी राहिली.

"बरा आहे तो. जेवला पण."

"गेममध्ये याच्या नावापुढं पट्टी असती," महांतेश म्हणाला. "जीव कमी झाला की पट्टी कमी होती. बघितलं की कळतं. आज म्या पट्टीच शोधत होतो बहुतेक... तोंडाकडं बघितलंच न्हाय."

तिला काहीतरी बोलायचं होतं. त्याच्या खांद्यावर हात ठेवावा, एवढंच खरं तर. ती उभी राहिली, आणि शिटी वाजली तेव्हा गेली.

आठव्या दिवशी अहवालात काय लिहावं लागणार ते तिला कळून चुकलं, आणि ती नळावर तोंड धुऊन खोलीत गेली. नवव्या दिवशी दुपारी परतीचा पाऊस आला. मैदानावर तळी साचली, सगळे कार्यक्रम थांबले. श्रावस्ती व्हरांड्यात पेटीवर बसून अहवाल लिहीत होती. दोनदा कागद फाडला. जे लिहायचं होतं ते तिला माहीत होतं. त्यानं कुणाचं पुणं जाणार होतं, तेही माहीत होतं. चौकात सांगून बसलेले अप्पा डोळ्यांपुढून हलत नव्हते. शेवटी तिनं एका दमात लिहून काढलं आणि सही करण्याआधी महांतेशला बोलावणं पाठवलं.

"साहेबांना द्यायच्या आधी तू वाच. पाठीमागून नको."

तो भिंतीला टेकून वाचू लागला. तिनं लिहिलं होतं — या खेळानं मुलं एकमेकांचं ऐकायला शिकतात. अडचणीत आवाज शांत ठेवणं मी स्वतः इथं शिकले. पण गोळीबाराचा आमचा पहिला नियम आणि या खेळाचा पहिला नियम एकमेकांच्या उलट आहेत. खेळात पडलेला पुढच्या डावात उठतो. कॅडेटला हे आधी शिकवू नये. तहान, थकवा, शेजाऱ्याचं वजन खेळात नसतं. खेळ चालू असताना शेजारी कोण बसलंय हेही खेळणाऱ्याला कळत नाही. मोकळ्या वेळात खेळू द्यावा. प्रशिक्षणात घेऊ नये.

पावसाचा आवाज पत्र्यावर वाढला, कमी झाला. त्यानं कागद पुन्हा वरपासून वाचला.

"बुद्धघोषचं नाव घातलं न्हाईस, बरं केलंस," तो म्हणाला. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. "बाकी खरं हाय समदं. एक ओळ सोडून."

"कुठली?"

त्यानं बोट ठेवलं. शेजारी कोण बसलंय.

"हे खोटं हाय."

"खोटं कसं? आठ दिवस बघतेय मी. तू एकदा तरी मान वळवलीस का?"

"मान कशाला वळवायला पाहिजे?" तो कागदाकडंच बघत बोलत होता. "दुसऱ्या दिवशी तुझा डावा बूट चावत होता, तू टाच बाहेर काढून बसली होतीस. तिसऱ्या दिवशी काहीतरी पुटपुटत होतीस... कानडी आकडे असावेत. चौथ्या दिवशी केसांना पांढरी पिन, बाकी रोज काळी. काल आलीस तेव्हा रडून आली होतीस. का, ते विचारायचं धाडस झालं न्हाय. काल आमी सहा डाव हरलो, ते काय उगाच न्हाय."

श्रावस्तीनं डावा बूट पेटीआड ओढला. कानांच्या पाळ्या गरम झाल्या होत्या.

"तर ती ओळ खोड," तो हळू म्हणाला. "बाकीचं राहू दे."

"पुणं जाईल, महांतेश."

"जाईल."

"अप्पा..."

"अप्पांना म्या सांगीन."

तिनं पेन उचललं, त्या ओळीवरून सरळ रेघ मारली, शेजारी सही केली. मग खाली सही केली. कागद घेऊन ती पावसातनं ऑफिसकडं गेली. वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तो कागद तिथवर पोचला नसता.

शेवटच्या दिवशी पेटी उघडली, फोन परत गेले. बाकीचे चौघं तिच्याशी बोलले नाहीत. महांतेश आला, फोन घेतला, टोप्या मोजून घेतल्या, एवढंच म्हणाला, "येतो." माकणीच्या वाटेवरच्या लोहाऱ्याकडं जाणाऱ्या गाडीत ती पोरं चढली. गाडी वळणावर गेली, डबक्यातलं पाणी परत स्थिर झालं, तरी श्रावस्ती पेटीचं कुलूप हातात घेऊन उभी होती.

मग नोव्हेंबर आला. ढोकीत कारखान्याचा हंगाम सुरू झाला, हवेत मळीचा वास भरला, रस्ते उसाच्या गाड्यांनी भरले. श्रावस्ती रोज पळायची. कुणी आवाज न चढवता बोललं की तिची पावलं मंद व्हायची.

त्याचा नंबर तिला पाठ होता. दहा दिवस रजिस्टरात लिहून लिहून हाताला बसला होता. पण तो नंबर ड्युटीवर मिळालेला. तो वापरायचा नाही, असं तिनं ठरवलं. तरीही दोनदा नऊ आकडे दाबले. दहाव्यावर बोट थांबलं.

एका दुपारी तिनं तो गेमच फोनवर घेतला. घराच्या माळवदावर, वाळत घातलेल्या मिरच्यांशेजारी बसून खेळायला लागली. अनोळखी चौघं तिच्या संघात आले, शिव्या देऊ लागले. कुणी तीन आकडे मोजले नाहीत. ती मेली, परत उठली, परत मेली. आठ दिवसांनी तिनं गेम काढून टाकला. तिला खेळायचं नव्हतंच... फक्त त्या आवाजाच्या आसपास कुठंतरी बसायचं होतं.

जानेवारीत अमरनाथ सरांनी सांगितलं की पत्र आलंय, तूर्त प्रशिक्षणात गेम नाही. "नको म्हणणारे बरेच होते. तुझ्या एकटीच्या कागदानं झालं असं समजू नको." तिनं मान हलवली. माकणीच्या पोराचं पुणं मात्र तिच्या एकटीच्याच कागदानं गेलं होतं.

फेब्रुवारीत धाराशिवच्या एका कॉलेजात एनसीसीची 'सी' सर्टिफिकेटची परीक्षा होती. पेपर देऊन ती बाहेर आली, तर फाटकाशेजारच्या चहाच्या गाड्यापाशी महांतेश उभा होता. युनिफॉर्मात, हातात दोन कप. त्याचाही पेपर तिथंच होता.

"साखर कमी सांगितलीय," तो म्हणाला. "चालेल ना?"

तिनं कप घेतला. 

"अप्पा काय म्हणाले?"

"आठ दिवस काहीच न्हाय. मग म्हणले, कुणी लिहिलं? म्हटलं, त्याच मॅडमनी, तुमची भाकरी खाल्लेल्या. उठून म्हशी सोडून आले. मग म्हणले, भाकरी खाऊनबी खरं लिहिती म्हणजे पोरगी अवघड हाय."

ती हसली आणि डोळे भरले, दोन्ही एकदमच. "आणि तू? रागावला होतास?"

"पंधरा दिवस."

"मग?"

"मग वाटाय लागलं, रागवायला तरी तू समोर पाहिजेस." त्यानं कप खाली ठेवला. "फोन करणार होतो. तुझा नंबर माझ्याकडं न्हाय. माझा तुझ्याकडं असून तू केला न्हाईस, म्हटल्यावर..."

"तो ड्युटीचा होता."

"मला वाटलंच," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात चार महिन्यांचा थकवा उतरला. "आमी आता बाहेर खेळतो. सोलापुरात जिंकलो गेल्या महिन्यात. मध्येच पाणी प्यायला थांबवतो पोरांना. हसतात मला."

श्रावस्तीनं फौजेचा अर्ज भरला होता. निवड झाली तर प्रशिक्षणाला चेन्नईला, अकरा महिने. ते तिनं सांगितलं. 

"जा," तो म्हणाला. "चार महिने काढले. अकरा काढीन. त्यात नवीन काय न्हाय."

"आणि घरचं? तुझ्या अप्पांनी भाकरी दिली, पण आधी थांबले होते ते मी बघितलं."

"म्याबी बघितलं. लगेच तयार होतील असं म्हणत न्हाय. पण आधी थांबले आणि मग दिली, एवढं मला ठाऊक हाय."

तेवढ्यात मोटारसायकल येऊन थांबली. श्रावस्तीचे पप्पा, कारखान्याच्या कपड्यांतच, तिला न्यायला आले होते. त्यांनी दोन कप पाहिले, मग पोराला पाहिलं. महांतेश ताठ उभा राहिला.

"हे कोण गं?"

आयुष्यभर सरळ सांगत आलेल्या पोरीनं आधी हातातला कप गाड्यावर ठेवला. मग तिनं सांगितलं.

"पप्पा, हा महांतेश बिराजदार. कॅम्पात होता. माझ्यामुळं याचं पुण्याला जायचं राहिलं." ती थांबली. "मला आवडतो हा. तुम्हाला दुसऱ्या कुणाकडनं कळायला नको, म्हणून सांगते."

पप्पांनी गाडीची चावी काढली, रुमालानं पुसली, परत लावली. 

"कुठला म्हणायचा तू?"

"माकणीचा, काका."

"माकणी... धरणाच्या अलीकडं का पलीकडं?"

"अलीकडं."

"हं," पप्पा म्हणाले, आणि गाडीला किक मारली. "बस गं. मला दुसऱ्या पाळीला जायचंय."

श्रावस्ती मागं बसली.  गाडी वीसेक पावलं गेली असेल, पप्पांनी आरशात पाहिलं आणि वेग कमी केला. तीन वर्षं अंगणात पोरीची परेड ऐकून त्यांना सगळे हुकूम पाठ होते.

"अजून सावधानमध्येच हुबा हाय ते पोरगं," ते म्हणाले. "विश्राम म्हण की त्याला. किती वेळ ताटकळायचं त्यानं?"